पाडा म्हणणाऱ्यांना

राजापूर तालुक्यातल्या सासरच्या घरी आम्ही कायमचे राहायला आलो, त्याला येत्या आषाढात तीन वर्षं होतील. सामान टेम्पोतून उतरत होतं तेव्हाच चुलत दीर खळ्यात उभे राहून म्हणाले, "वहिनी, याच्यात पैसे मातीत घालू नका. पाडा. चार खोल्या काढा, वर स्लॅब टाका, निर्धास्त राहा." तेव्हापासून ओटीवर चहाला बसलेल्या जवळजवळ प्रत्येकानं वर आढ्याकडे बघत हेच सांगितलं. भावजींच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यांनी स्वतःचं घर दहा वर्षांपूर्वी पाडलं, आणि जे स्वतः केलं तेच ते दुसऱ्याला सांगतात. पण चुकीचा सल्ला आपुलकीनं दिला म्हणून बरोबर ठरत नाही. त्याच सल्ल्यापायी आमच्या वाडीतली पाच घरं गेली. म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी एक गोष्ट बाजूला काढते. जुन्या घराच्या आठवणींनी गळा दाटून येणाऱ्यांपैकी मी नाही. माझं बालपण या घरात गेलेलं नाही. मी इथे लग्न होऊन आले, तेही गणपतीच्या पाच दिवसांपुरती. वारसा, संस्कृती, पूर्वजांचे हात वगैरे शब्द मला इथे वापरायचे नाहीत. मला भिंतीबद्दल, लाकडाबद्दल आणि पाण्याबद्दल बोलायचं आहे.

पहिला मुद्दा: "घराचं आयुष्य संपलं." आजेसासऱ्यांनी हे घर १९३०च्या सुमाराला बांधलं. जांभ्याचे चिरे मातीत बसवलेले, वर चुन्याचा गिलावा, किंजळीचे वासे, फणसाचे खांब. आधी नळ्याची कौलं होती, मग मंगलोरी आली. सासूबाई गेल्यावर बारा वर्षं घराला कुलूप होतं. आम्ही दार उघडलं तेव्हा पश्चिमेची पडवी निम्मी बसली होती, त्या बाजूच्या खोलीत भिंतीतून पिंपळाचं रोप वर आलं होतं, आणि आठ वासे हातानं दाबले तर भुसा होत होता. पाहणाऱ्याला वाटलंच असतं, घर संपलं.

पण त्याच घराच्या पूर्वेच्या अर्ध्या भागात गेलात, तर वासे ठोकल्यावर खणखण वाजतात. माजघराचा खांब जोत्यावर जसा बसवला तसा उभा आहे. दोन्ही बाजू एकाच साली बांधलेल्या, एकाच खाणीचा चिरा, एकाच जंगलातलं लाकूड. वयानं घर पडत असतं तर दोन्ही बाजू एकदम पडल्या असत्या. मग एक बाजू ताठ आणि दुसरी कुजलेली, हे कसं झालं?

पाण्यानं झालं. माळ्यावर चढून आम्ही त्या पाण्याची वाट शोधली तेव्हा सगळं उघड दिसलं. पश्चिमेला कोपऱ्यापासून चौथ्या ओळीत तीन कौलं फुटलेली होती. तिथून गळणाऱ्या पाण्यानं आधी रीप कुजली, रीप गेली म्हणून शेजारची कौलं सरकली, मग वासा भिजला, वाशावरून ओघळलेलं पाणी भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडात मुरलं. ओल्या लाकडाला वाळवी लागली. वरून पाणी चिऱ्यांच्या सांध्यांतल्या मातीत उतरलं, माती वाहून गेली, पोकळी झाली, पोकळीत पक्ष्यानं टाकलेलं पिंपळाचं बी रुजलं. तीन कौलं. ज्या मे महिन्यात ती फुटली त्याच महिन्यात कुणी शिडी लावून बदलली असती, तर खर्च एका वेळच्या भाजीइतका आला असता. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. इतक्या पावसात बारा वर्षं उघडं राहिलेलं भोक कुठल्याही घराला खाईल, मग ते कालचं असो की शंभर वर्षांपूर्वीचं.

मंगलोरी कौलाचं छप्पर मुळात दुरुस्तीसाठीच घडवलेलं आहे, हे आपण विसरलो. बासेल मिशननं १८६५ साली मंगळुरात या कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती किनाऱ्याकिनाऱ्यानं सगळीकडे पोचली. आमच्या कौलांच्या पोटावर अजून कारखान्यांची नावं उमटलेली आहेत. प्रत्येक कौल शेजारच्यात खाचेनं अडकतं. एक फुटलं तर तेवढंच उचलून दुसरं सरकवता येतं, बाकीच्या छपराला हात लावावा लागत नाही. हे काम करायला इंजिनियर लागत नाही. शिडी, दोन माणसं आणि मे महिन्यातली एक सकाळ लागते. दरवर्षी शाकारणी करावी लागते हा त्या छपराचा दोष म्हणून सांगितला जातो. शेताला दरवर्षी भाजणी-नांगरणी लागते म्हणून शेत नादुरुस्त आहे असं आपण म्हणत नाही.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त संताप येतो, ती. या घराचं वयानं जेवढं बिघडलं नाही तेवढं चुकीच्या दुरुस्तीनं बिघडलं. सासूबाईंनी जाण्याच्या काही वर्षं आधी एका ठेकेदाराकडून ओल "कायमची बंद" करून घेतली. त्यानं देवघराच्या आणि बाळंतिणीच्या खोलीच्या भिंतींवरचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला आणि वर ऑइलपेंट मारला. दोन पावसाळे भिंत चकचकीत दिसली. तिसऱ्या वर्षी जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे धरले. मग पुन्हा सिमेंट, पुन्हा रंग. राहायला येण्याआधी घर बघायला आलो तेव्हा तिथे टिकाव मारला तर गिलाव्याचा अख्खा पापुद्रा ताटासारखा सुटून आला आणि मागे चिऱ्याला हात लावला तर ऐन मार्चमध्ये तो ओला होता.

जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघतो तेव्हा इतका मऊ असतो की हत्यारानं विटेसारखा कापता येतो, उघड्यावर राहिला की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरानं मलबारात लोक या दगडाच्या विटा काढताना पाहिले आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन नावावरून त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं. असा दगड पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. जमिनीतूनही ओल वर ओढतो. चुन्याचा गिलावा त्या ओलीला बाहेर पडू देतो. भिंत चार महिने दमट होते आणि आठ महिने सुकते. सिमेंट आणि ऑइलपेंटचा थर ती वाट बंद करतो. ओल आतच कोंडते, आणखी वर चढते, सांध्यांतली माती बारमाही मऊ ठेवते, आणि ओलीबरोबर वर आलेला क्षार गिलाव्याच्या मागे साठून त्याला ढकलून देतो. मग लोक म्हणतात, भिंत जुनी झाली, ओल धरते, पाडा. भिंतीचं तोंड आपणच बंद केलं आणि दोष तिच्या वयाला दिला.

पलीकडच्या वाडीतले एक गवंडी आहेत, सत्तरीच्या पुढचे, हात अजून स्थिर. त्यांनी भिंतीवर पंजा ठेवला आणि म्हणाले, "वैनी, हिला आधी सुकू दे. मग बघू." दसरा झाल्यावर आम्ही सगळं सिमेंट काढलं आणि चार महिने भिंती उघड्या ठेवल्या. घर तेव्हा इतकं विद्रूप दिसत होतं की आलेले पाहुणे नजर चुकवत. चुनकळी आणून पिंपात विझवली, महिनाभर पाण्याखाली ठेवली, वाळू आणि विटांची सुर्खी मिसळून माघात गिलावा केला. त्या गवंडीदादांखेरीज हे काम येणारं माणूस पंचक्रोशीत मिळालं नाही. त्यांच्या हाताखाली दोन पोरं ठेवण्यासाठी मी हट्ट केला; ती पोरं आता शेजारच्या गावात तेच काम करतायत. चुना सिमेंटपेक्षा हळू बसतो, रोज पाणी मारावं लागतं, घाई केली तर तडकतो. हे सगळं खरं. पण गेल्या दोन पावसाळ्यांत त्या दोन खोल्यांत पोपडा धरलेला नाही, आणि दसऱ्यापर्यंत भिंती आपोआप सुकतात.

दुसरा मुद्दा: "स्लॅबला काही बघावं लागत नाही." हे म्हणणाऱ्यांनी राजापूर ते सावंतवाडी एकदा महामार्गावरून जावं आणि स्लॅबची घरं नुसती मोजावीत. त्यातल्या कितींच्या डोक्यावर लोखंडी खांब रोवून वर पत्र्याची शेड आहे, हेही मोजावं. भावजींच्या घरावर आहे. स्लॅब टाकल्यावर सहाव्या पावसाळ्यात गळू लागला, आधी डांबरी कागद अंथरला, मग कोबा केला, मग शेड. म्हणजे उतरतं छप्पर काढून सपाट छप्पर केलं आणि त्याच्यावर परत उतरतं छप्पर घातलं. समुद्राकडची खारी हवा सिमेंटच्या बारीक भेगांतून आत जाते, आतली सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगतं आणि खालचं काँक्रीट चकत्यांसारखं पडतं. कौल फुटलं तर सुतार न बोलावता बदलता येतं. स्लॅबमधली गंजलेली सळई कशी बदलायची ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. स्लॅब वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. 'त्याला देखभाल लागत नाही' हे खोटं आहे, एवढंच म्हणते. आणि जुन्या घरावर फुली मारायला सगळ्यात जास्त तेच खोटं वापरलं जातं.

तिसरा मुद्दा गंभीर आहे, त्याला मी हलक्यानं घेणार नाही. "जुनी घरं माणसं मारतात. किल्लारी आठवा." आठवते. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं स्वतःच्याच घराखाली गाडली गेली. पण कशाखाली, ते बघायला हवं. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडगोट्यांची भर, सगळं मातीत रचलेलं आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारा एकही लांब दगड नाही. वर मातीचं जड माळवद. हादऱ्यानं भिंतीचे दोन्ही पापुद्रे फुटून बाहेर पडले. आतले लाकडी खण पुष्कळ ठिकाणी उभेच राहिले होते, हेही पाहणी करणाऱ्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे दोष वयात नव्हता, बांधणीतल्या ठरावीक उणिवांत होता, आणि त्या उणिवा दुरुस्त करता येतात. त्याच भूकंपानंतर सरकारनं ५२ गावं हलवली, पण लाखाहून अधिक घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूतही करवली. दगडमातीच्या बांधकामासाठी आणि जुन्या इमारतींच्या मजबुतीसाठी भारतीय मानक संस्थेनं १३८२८ आणि १३९३५ या क्रमांकांची मानकंच काढलेली आहेत. भिंतीच्या आरपार दगड कसे घालायचे, कोपरे कसे जखडायचे, माथ्याखालून पट्टा कसा फिरवायचा, हे त्यांत आहे.

आमचं छप्पर माळवदाच्या तुलनेत हलकं आहे आणि भिंती घडीव चौकोनी चिऱ्यांच्या आहेत, गोट्यांच्या नव्हेत. तरी सांधे मातीचे, म्हणून धोका नाही असं मी म्हणत नाही. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा देवघराच्या दारावर एक चीर गेली, असं सासूबाई सांगत. ती चीर अजून दिसते. आम्ही तिच्यावर नुसता चुना फासला नाही; चारही कोपरे जखडून घेतले, माथ्याखालून पट्टा फिरवला, जाणकार इंजिनियरला दाखवून. पडवीची बसलेली भिंत उतरवून पुन्हा रचली. जी भिंत खरोखर गेली ती पाडावीच. अख्खं घर पाडण्याचं कारण ती होत नाही.

आणि नवं म्हणजे सुरक्षित, हे कुणी ठरवलं? २६ जानेवारी २००१ला भूकंप कच्छमध्ये झाला आणि दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत नव्या आरसीसी इमारती कोसळल्या. महाड तर आपल्या कोकणातलंच. २४ ऑगस्ट २०२०ला तिथली पाच मजली इमारत पडली, १६ माणसं गेली. भूकंप नव्हता, वादळ नव्हतं. ती इमारत माझ्या घराच्या तुलनेत कालची होती.

वादळाचा मुद्दा मात्र मी निम्मा मान्य करते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या बाजूला धडकलं, दापोली-मंडणगडपर्यंत घरांची छपरं उघडी पडली, आणि ज्यांच्या घरात एक तरी स्लॅबची खोली होती ते तिच्यात बसून वाचले. म्हणून मागीलदारी नवी न्हाणी आणि संडास बांधला तेव्हा त्याच्यावर आम्ही स्लॅबच टाकला. वादळाचा इशारा आला तर घरातली सगळी माणसं तिथे मावतात. जुन्या घराला नवं जोडायला माझी हरकत कधीच नव्हती.

चौथा मुद्दा बायका मांडतात, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे. माझी जाऊ म्हणाली, "जुन्या घराचं कौतुक पुरुषांनी करावं. सारवण आपल्याला काढावं लागतं." तिचं खरं आहे. धुरानं काळं झालेलं स्वयंपाकघर, मागच्या दाराबाहेर काळोखात असलेला संडास, विहिरीवरून खांद्यावर आणलेलं पाणी, यात बायकांच्या तीन पिढ्या झिजल्या. माझ्या सासूबाईंची पाठ त्यातच गेली. पाळीच्या चार दिवसांत बसायची ती अंधारी खोलीही याच घरात आहे. या सगळ्याचं समर्थन मी करणार नाही. पण यातलं काय जांभ्याच्या चिऱ्यामुळे झालं? चूल गेली आणि ओटा आला, त्याला भिंत आड आली नाही. पंप बसला, नळ आला. स्वयंपाकघराच्या छपरात चार काचेची कौलं घातली, आता दुपारी दिवा लावावा लागत नाही. सारवायच्या जमिनीला फरशी घातली. शेणाची जमीन छान दिसते असं सांगणाऱ्यांनी ती आठवड्याला स्वतः सारवावी. त्या चार दिवसांच्या खोलीला खिडकी पाडून मी तिथे शिलाईचं मशीन ठेवलं. आणि स्लॅबच्या नव्या घरांत ती चार दिवसांची शिवाशिव संपली का, हे माझ्या जावेनं छातीवर हात ठेवून सांगावं. बायकांचा जाच रीत बदलून जातो. घर पाडून तो जात असता तर मीच पहिली पहार मारली असती.

माकडांचा त्रास खरा आहे. एका टोळीनं उडी मारली की पाच-सात कौलं जातात. घरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या छाटल्या तर तो कमी होतो, संपत नाही. पाडलेल्या घरांची जुनी कौलं मी दोनशे विकत घेऊन मांगरात रचून ठेवली आहेत.

खर्चाचं एवढंच सांगते. माझ्याकडे वही आहे. तीन वर्षांत जेवढं गेलं ते नव्या चार खोल्यांच्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी आहे. ते थोडं थोडं गेलं, हप्ता कुणाचा नाही, आणि त्यातली बरीचशी रक्कम सिमेंटच्या दुकानात न जाता वाडीतल्या माणसांच्या हातात मजुरी म्हणून गेली.

मग घरं खरोखर कशानं पडतात? आमच्या वाडीतली पाच घरं डोळ्यांसमोर आणते. त्यांतलं एकही म्हातारपणानं पडलं नाही. प्रत्येकाच्या उताऱ्यावर नऊ-नऊ, अकरा-अकरा नावं आहेत. एक भाऊ ठाण्याला, एक बडोद्याला, एकीचं सासर बेळगावला. कौलं बदलायला पैसे कुणी द्यायचे यावर बोलणं थांबतं. एकानं खर्च केला तर तो हक्क सांगेल, ही दुसऱ्याला भीती. गणपतीला सगळे येतात, गळती बघतात, हळहळतात आणि अनंत चतुर्दशीनंतरच्या गाडीनं परत जातात. दहा वर्षं असं चालतं. मग छप्पर बसतं, आणि तेच अकरा जण एकमतानं म्हणतात की घर जुनं झालं होतं. डागडुजीला लागणारी संमती कधी मिळत नाही, पाडायला मात्र लगेच मिळते. आमचंही बारा वर्षं असंच चाललं होतं, आणि त्यात आम्ही नवरा-बायकोही होतो. शेवटी चार भावांनी साध्या कागदावर लिहून दिलं की दुरुस्तीचा खर्च जो करेल त्याचा त्यानं हिस्सा वाढणार नाही, आणि राहील त्याला कुणी उठवणार नाही. त्या एका कागदानं हे घर वाचलं. चुना नंतर आला.

म्हणून भावजींना आणि ज्यांच्या गावाकडच्या घराला कुलूप आहे त्या सगळ्यांना माझं सांगणं आहे. पाडायचा निर्णय गणपतीच्या गर्दीत, ओटीवर बसून घेऊ नका. आषाढात या, आठ दिवस राहा, पाऊस लागला की बॅटरी घेऊन माळ्यावर चढा आणि पाणी नेमकं कुठून येतं ते खडूनं वाशावर खूण करून ठेवा. दिवाळीनंतर एखादा म्हातारा गवंडी आणि एक जाणकार इंजिनियर, दोघांना बरोबर घेऊन भिंती ठोकून बघा, जिथे सिमेंट मारलं असेल तिथे ते काढून बघा. भावंडांकडून कागद लिहून घ्या. एवढं करून जर घर गेलेलं निघालं तर पाडा, मी अडवणार नाही. आणि जर राखायचं ठरलं तर गवंड्याला आणि सुताराला होळीच्या आधीच सांगून ठेवा. मृग लागला की कौलावर चढायला माणूस मिळत नाही.